येसूआक्का सांगतील तो सिनेमा

चौथ्या तासाला कर्जत गाडीचे कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. गाडी स्टँडवर लावून ते चालत आले होते. टोपी हातात होती. मी मुलांना गणित घालून बाहेर आले. ते म्हणाले, "बाई, खालापूरवरनं निरोप हाय. येसूआक्का सकाळी गेल्या. आंगोळ करून बसल्या, आन् तशाच..." मी नुसतीच "बरं" म्हणाले. ते जायला वळले आणि परत थांबले. "परवाच्या बुधवारी माज्याच गाडीत व्हत्या. खोपोलीला शिनेमा बगून आलेल्या. मला म्हनल्या, मास्तर, हा तुमी बगू नका. तुमाला बीपी हाय." आणि मग त्यांना हसू आलं की रडू ते त्यांनाच कळलं नसावं, कारण ते टोपी डोक्यावर घालून भरभर निघून गेले.

येसूआक्का माझ्या मोठ्या नणंद. यजमानांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. खालापूरच्या सरकारी दवाखान्यात त्या आया होत्या, आणि अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायका त्यांना दोनच गोष्टींसाठी विचारत, बाळंतपण आणि सिनेमा. पहिल्या गोष्टीसाठी त्यांना पगार होता. दुसरं काम त्यांनी आपल्या मर्जीनं अंगावर घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना जास्त अभिमान होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर असतील. आमचं गाव खालापूरहून कर्जतकडे येताना रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या पलीकडे. आक्कांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं आणि दोन वर्षांत त्यांचा नवरा गणपत मुंबईला गिरणीत लागला तो परत आलाच नाही. तिकडे दुसरी बाई केली असं कळलं. आक्का माहेरी आल्या, वर्षभर शेतात राबल्या, मग कुणाच्या तरी ओळखीनं दवाखान्यात लागल्या. हे सगळं मला सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात हळू आवाजात सांगून टाकलं, म्हणजे मी चुकून काही विचारू नये. आक्का स्वतः त्याबद्दल बोलत नसत. बोलत त्या सिनेमाबद्दल.

बुधवारी दवाखान्यातली पाळी दोनला सुटायची. खालापूरहून खोपोली जवळ. तीनचा खेळ गाठून सहाच्या सुमाराला त्या बाहेर पडत आणि दिवेलागणीला घरी येत. गावात तेव्हा एकटी बाई सिनेमाला जाते हे काही चांगलं मानत नसत, पण आक्कांना कोण बोलणार? निम्म्या गावाच्या लेकरांची नाळ त्यांच्या हातानं कापलेली. गुरुवारी सकाळी त्या विहिरीवर आल्या की बायका कळश्या खाली ठेवून उभ्या राहत. "आक्का, कसा व्हता?" आक्का दोर सोडता सोडता सांगत. सिनेमाचं नाव त्यांच्या कधी लक्षात राहत नसे. त्या स्वतःच नाव ठेवत, 'दोन भावांचा', 'आंधळ्या सासूचा', 'बैलाचा'. तिकीट काढायला गेलेल्या बायका खिडकीत जाऊन 'आंधळ्या सासूचा हाच का?' असं विचारत आणि खिडकीतल्या माणसालाही पुढे पुढे ते सवयीचं झालं.

मी एसएससी झालेली, गावच्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका. माझं माहेर पनवेलचं, लहानपणापासून सिनेमे बघितलेले, मासिकातली परीक्षणं वाचलेली. मला वाटे, आपल्याला यातलं कळतं. आणि आक्कांची पद्धत मला पटायचीच नाही. त्या एकाच सिनेमाबद्दल एका बाईला 'बग' म्हणत आणि तिच्याच शेजारणीला 'तू नको बगू.' मी एकदा विहिरीवरून परतताना म्हटलं, "आक्का, सिनेमा चांगला असतो नाहीतर वाईट असतो. बाई बघून तो कसा बदलेल?"

"तुज्या शाळेत सगळ्या पोरांना एकच बूट व्हतो का?"

"बूट वेगळा आणि सिनेमा वेगळा."

"आगं, तिची सासू आंथरुनाला खिळलीय चार वर्सं. तिनं तो आंधळ्या सासूचा कशाला बगावा? घरी हायच की. तिला मी त्या पळापळीचा सांगितलाय. तीन तास नुसती घोडी पळत्यात. तिला तेच पायजे."

"पण तो किती भिकार आहे!"

"असू दे भिकार," आक्का म्हणाल्या, "तिला कुटं बक्षीस द्यायचंय त्याला?"

असे आमचे वाद. मी शाळेत शिकवते म्हणून त्या माझा मान ठेवत, पण सिनेमाच्या बाबतीत तसूभर हटत नसत. मला त्यांच्याबरोबर नेऊ लागल्या तेव्हा तर वाद थेट पडद्यासमोरच सुरू व्हायचे. त्या गाण्याला कंटाळत. मारामारी त्यांना मनापासून आवडायची, आणि पडद्यावरचा माणूस मार खाऊन उठला की त्या मोठ्यानं म्हणत, "बरगडी मोडली आसंल ह्याची, उठतोय कसा?" पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघत. मी पदर तोंडाला लावून बसे. त्यांचा एक दुर्गुणही सांगायला हवा, शेवट सांगून टाकायच्या. त्यावरून माझं त्यांच्याशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं. त्या म्हणायच्या, शेवट माहीत असला की बाईमाणूस निवांत बघतं, नाहीतर घाबरून अर्धं लक्ष जातं.

आमचा सगळ्यात मोठा आणि शेवटपर्यंत न मिटलेला वाद झाला तो 'पाय धुयाच्या' सिनेमावरून. गोष्ट साधी. नवरा दुसरीच्या नादानं घर सोडून जातो. बायको शिवणकाम करून राहते. बारा वर्षांनी तो थकून-भागून दारात उभा राहतो आणि ती काही न बोलता घंगाळात गरम पाणी आणून त्याचे पाय धुते. तिथे सिनेमा संपतो. मी हुंदके देऊन रडले. मला तो अतिशय सुंदर वाटला. थिएटरमधल्या बाकीच्या बायकाही डोळे पुसत होत्या. आक्का मात्र कोरड्या ठणठणीत. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "लबाड शिनेमा हाय."

मी चिडले. क्षमा करायला केवढं मोठं मन लागतं, शब्दावाचून केवढं सांगितलंय, वगैरे बरंच बोलले. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. "तो गेला आन् तो आला," त्या म्हणाल्या. "मदली बारा वर्सं कुटं हायेत? मशीन दाखवली एकदा, तिच्यावर एक गानं लावलं, आन् बारा वर्सं झाली. एक गानं म्हंजे बारा वर्सं व्हय?" त्यांच्या स्वतःच्या आयुष्याची गोष्ट यात आहे हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी पुढे बोलायला नको होतं. पण वादाच्या भरात मी म्हटलं, "तुम्ही तिच्या जागी स्वतःला बघता आक्का, म्हणून तुम्हाला राग येतो." त्या म्हणाल्या, "मंग कुनाला बगू?" त्या गुरुवारी विहिरीवर त्यांनी त्या सिनेमाबद्दल कुणालाच 'बग' म्हटलं नाही. मी मात्र शाळेतल्या दोघी-तिघींना आग्रह करकरून पाठवलं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी, भात झोडून झाल्यावरच्या दिवसांत, गणपत आला. एकटा नाही, त्याच्या गावची दोन वडीलधारी माणसं बरोबर घेऊन. सोळा वर्षांनी. तिकडची बाई वारली होती, मूलबाळ नव्हतं. माणूस वाईट दिसत नव्हता. केस पांढरे झालेले, सदरा स्वच्छ, बोलताना नजर खाली. ओसरीवर बसून म्हणाला, "माजं चुकलं. मी न्यायला आलोय." सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. यजमानांना तर आभाळ ठेंगणं झालं. बहीण आयुष्यभर माहेरी राहिली याचा सल त्यांच्या मनात होता आणि लोकांनी तो कधी बुजू दिला नव्हता. आक्का दवाखान्यातून आल्या, पाय धुतले, आत गेल्या, स्वतः चहा करून सगळ्यांना दिला. गणपतलाही दिला. "सांगते बुदवारी," एवढंच म्हणाल्या. पाहुणे शेजारच्या गावी नातेवाइकांकडे उतरले.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. आक्का समोर येऊन बसल्या. "वैनी, तुजं काय म्हननं?"

मी सूप खाली ठेवलं. आज मी ते वाक्य परत घेऊ शकले तर घेईन, पण तेव्हा मला जे खरंच वाटत होतं तेच मी बोलले. "आक्का, माणूस चुकतो. हा आला आहे, चूक कबूल करतो आहे. पुढचं आयुष्य एकटीनं काढण्यापेक्षा..."

"बरं," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. सुपातले दोन खडे उचलून बाजूला टाकले. "तुजा तो पाय धुयाचा खोपोलीला परत लागलाय. ठाऊक हाय? स्टँडवर कागद चिकटवलाय. बुदवारी त्याला घिऊन जाऊ. तू बी चल."

मला वाटलं, आक्का विरघळल्या. सासूबाईंनाही मी तसंच सांगितलं. घरात आनंदीआनंद झाला.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. थिएटरच्या दारात गणपत आधीच येऊन उभा होता. त्यानं तिकिटं काढून ठेवली होती, खुर्चीची. मी, मध्ये आक्का, पलीकडे तो. मध्यंतरात तो बाहेर जाऊन शेंगदाण्याची पुडी घेऊन आला आणि संकोचून आधी माझ्यापुढे धरली. मी तो सिनेमा दुसऱ्यांदा बघत होते आणि तरी शेवटाला मला रडू आलंच. डोळे पुसताना मी बाजूला बघितलं. गणपतही रडत होता. खरं रडत होता, खांदे हलत होते त्याचे. आक्का पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, दवाखान्यात एखाद्या पेशंटकडे बघावं तशा, शांतपणे.

बाहेर ऊन उतरून गेलं होतं. आम्ही खोपोलीच्याच शिळफाट्याच्या नाक्यावर गाड्यांची वाट बघत उभे राहिलो. आजूबाजूला भाजीवाल्यांची गडबड. आक्कांनी विचारलं, "कसा वाटला?"

"लय चांगला," गणपत म्हणाला. आवाज अजून ओला होता. "आशी बाय पायजे."

"का?"

"बारा वर्सं वाट बगितली तिनं."

"आन् बारा वर्सं ती खात काय व्हती?"

तो जरा गोंधळला. "शिवन करत व्हती ना."

"कुनाचं? कुटल्या गावाला? दुकनं आलं तं कोन व्हतं तिच्यापाशी?"

"ते काय दाखवलं नाय."

"तुला वाटलं का, दाखवाया पायजे व्हतं?"

गणपतनं विचार केला. त्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "नाय. तसं काय डोक्यात आलं नाय."

"तू यिऊन पाच दिस झाले," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी दवाखान्यात काय काम करते, ठाऊक हाय?"

तो हातातल्या पुडीकडे बघू लागला.

"येवडं इचारलं असतंस तरी मी आले असते रं."

पनवेलची गाडी येऊन लागली होती. कंडक्टर ओरडत होता. गणपत म्हणाला, "मंग?" आक्का म्हणाल्या, "मंग जा. गाडी हाय बग." मग हातातली अर्धी उरलेली शेंगदाण्याची पुडी त्यानं माझ्या हातात दिली, का ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि गाडीत चढला. खिडकीशी बसून त्यानं आमच्याकडे बघितलं नाही.

आमची गाडी मागाहून आली. घाटाचे डोंगर मागे पडले तेव्हा आक्का म्हणाल्या, "तू परत रडलीस."

"हो."

"म्हंजे आवडलाच तुला."

"आवडला, आक्का." खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण त्या नाक्यावर उभं राहून आल्यावर खोटं बोलता येईना.

"असू दे. आपलं जुळायचं नाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातल्या पुडीतले दाणे खाऊ लागल्या.

घरी जे व्हायचं ते झालं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. यजमानांनी मला विचारलं, नाक्यावर नक्की काय बोलणं झालं? मी पहिले दोन दिवस टाळलं. आपण आक्कांना 'नांदायला जा' म्हटलं होतं ही टोचणी होती, आणि घरच्यांच्या नजरेत वाईट व्हायचं भयही होतं. तिसऱ्या दिवशी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "म्हंजे शिनेमापायी संसार मोडला." आणि मी, जिला तो सिनेमा आवडला होता, जिनं आक्कांना उलटा सल्ला दिला होता, ती मी पहिल्यांदा नवऱ्यासमोर आवाज चढवून म्हणाले, "सिनेमापायी नाही. आक्कांना पाच दिवसांत कुणीच काही विचारलं नाही. तुम्ही तरी विचारलंत का?" ते उठून खळ्यावर निघून गेले. पुढची पेरणी होईपर्यंत त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. आक्कांनी मग खालापुरात दवाखान्याच्या मागे एक खोली घेतली आणि तिथे राहायला गेल्या. मी महिन्यातून दोन रविवार जायची. आधी एकटी, नंतर यजमानही यायला लागले, आधी पिशवी पोचवायच्या निमित्तानं आणि मग निमित्ताशिवाय.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. दोनेक वर्षांनी अशाच एका रविवारी आक्कांनी मला एक पोस्टकार्ड दिलं. त्यांना अक्षरओळख होती, पण लपेटीचं, जोडून लिहिलेलं वाचता येत नसे. कार्ड गणपतचं होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. क्षेमकुशल वगैरे काही नाही. 'इकडे एक चित्रपट पाहिला. त्यात एक बाई सुईण आहे. तिचे काम पुष्कळ दाखविले आहे. तुम्हास आवडेल असे वाटले. तिकडे लागल्यास पाहावा.' आणि सिनेमाचं नाव. मी दोनदा वाचून दाखवलं. आक्का म्हणाल्या, "परत वाच, काम पुष्कळ काय?" मी परत वाचलं.

तो सिनेमा खोपोलीला यायला पाच महिने लागले. आक्का गेल्या. पुढच्या रविवारी म्हणाल्या, "कार्ड हाय का तुज्यापाशी? लिही." मी लेखणी सरसावून बसले. मनात म्हटलं, आता काय सांगतात! त्यांनी मजकूर सांगितला, 'बगितला. नाळ कापताना सुरी उकळली नाय. बाकी बरा हाय.' बस्स. मी म्हटलं, "आणखी काही?" "आनी काय?" त्या म्हणाल्या. त्यांचं 'बरा हाय' म्हणजे वरचा नंबर हे मला ठाऊक होतं, गणपतला ते कळलं असेल का, कोण जाणे. पण कळलं असावं. कारण सहा महिन्यांनी दुसरं कार्ड आलं.

दहा-अकरा वर्षं ती कार्डं येत राहिली. वर्षाला दोन, कधी तीन. प्रत्येकात एक सिनेमा आणि तो का बघावा याची एक ओळ. आक्कांची उत्तरं मीच लिहिली, म्हणून मला ठाऊक आहे, त्यात कधीही सिनेमाबाहेरचा एक शब्द नव्हता. पुढे पुढे त्याही त्याला सांगू लागल्या, 'घोड्याचा बगू नये. तुमचे दम्यास धूळ सोसणार नाही, पडद्यावरची सुद्धा.' त्याला दमा आहे हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं. "मागच्या कार्डात म्हनला नाय का, मध्यंतरानंतर उठून गेलो म्हनून? नाक्यावर बी छाती वाजत व्हती त्याची." आपल्या नवऱ्याला त्या 'नको बगू' म्हणत होत्या... मी कधी त्यांना त्यावरून चिडवलं नाही. ते दोघं परत कधी भेटले नाहीत. मी एकदा विचारलं, भेटावंसं वाटत नाही का? "हे बरं चाललंय," त्या म्हणाल्या. मग एका वर्षी कार्ड आलं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच्या गावचा माणूस दवाखान्यात औषधाला आला तेव्हा कळलं की गणपत जाऊन आठ महिने झाले. आक्कांनी त्या माणसाला औषध कसं घ्यायचं ते नीट समजावून सांगितलं. त्या बुधवारी त्या खोपोलीला गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी गेल्या.

टीव्ही आला तेव्हा मला वाटलं होतं आक्का खूश होतील. आम्ही तोवर माझ्या बदलीमुळे कर्जतला राहायला आलो होतो आणि घरात टीव्ही घेतला होता. रविवारच्या सिनेमाला मी त्यांना मुद्दाम बोलावलं. शेजारपाजारच्या धरून वीस-बावीस माणसं खोलीत. आक्का शेवटपर्यंत बसल्या, पण जाताना उदास दिसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांनीच बगितला. आता सांगायचं कुनाला?" मी म्हटलं, वाद तर घालता येईल. "त्यो तुज्यासंगं व्हतोच," त्या म्हणाल्या, "पन ज्यानं बगितला नाय त्याला सांगन्यात मज्जा आसते गं." त्या आपल्या बुधवारच्या खेळालाच जात राहिल्या. शेवटचा बुधवारही चुकवला नाही.

तेराव्यानंतर आम्ही खोली आवरायला गेलो. सामान फार नव्हतंच. दवाखान्यातल्या बायकांनी भांडी नेली. भिंतीवर खिळ्याला एक तार होती, कागद टोचून ठेवायची. तिच्यात विजेच्या पावत्या, रजेचे अर्ज, कुणाकुणाच्या बाळांच्या जन्माच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्याच मधे मधे, जशी आली तशी टोचलेली, गणपतची कार्डं. वेगळी काढून, बांधून वगैरे ठेवलेली नव्हती. यजमानांनी तार खिळ्यावरून उतरवली आणि खाटेवर बसून सगळी कार्डं वाचून काढली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी तार तशीच पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "एवढे शिनेमे..."

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर घरी आले तर दारात मंदा बसलेली. मंदा म्हणजे दवाखान्याशेजारच्या किराणावाल्याची सून, लग्नाला सहा महिने झालेले. मला वाटलं, आक्कांच्या खोलीचं काही काम असेल. ती म्हणाली, "बाय, आक्कांनी मला एक शिनेमा सांगितलेला. शेवटच्या बुदवारी बगून आलेल्या ना, तोच. म्हनल्या, नवऱ्यासंगं जा. पन त्याच्या आदी कर्जतला वैनीकडं जा, आन् तिला इचार. ती उलटं सांगंल. दोगींचं ऐक, आन् मंग बग."

मी तो सिनेमा नेमका त्याच्या आदल्या रविवारी कर्जतला बघितला होता, आणि आक्कांशी बोलायचं राहून गेलं होतं. मी मंदाला आत घेतलं, चहा दिला आणि सांगायला सुरुवात केली, की मला तो का आवडला नाही, त्यातला भाऊ कसा खोटा आहे, शेवट कसा ओढूनताणून आणलाय. आक्का काय म्हणाल्या होत्या ते मंदा मध्ये मध्ये सांगत होती आणि मी तिला उत्तरं देत होते. पाऊण तास गेला. माझा आवाज इतका चढला होता की यजमान आतून बघायला आले, कोण भांडतंय म्हणून. दारात उभे राहून त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि परत आत गेले.

मंदा काल परत आली. नवऱ्याबरोबर जाऊन सिनेमा बघून आली होती. चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाय, तुमी दोगी बी चुकलाव."

मी म्हटलं, "बस. सांग."